वळखलं का?

लग्नाच्या मांडवात कुणी समोर येऊन ‘वळखलं का मले?’ म्हटलं, की माझ्या पोटात गोळा येतो. ‘म्हणजे काय, वळखलं ना!’ म्हणायचं, घरच्यांची खुशाली विचारायची आणि पंगतीकडे सटकायचं, हा माझा शिरस्ता. यंदा मे महिन्यात आर्वीकडच्या एका लग्नात तो अंगाशी आला. फेटा बांधलेल्या गृहस्थाला मी आदरानं विचारलं, ‘औंदा कपाशी किती एकर?’ तो बघतच राहिला. ‘भाऊ, परवाच दाढी केली ना जी तुमची!’

दर महिन्याला ज्याच्या खुर्चीत बसतो तो! पण त्याला पाहिलेलं आरशात, दुकानात. मांडवात फेट्याखाली तो मला सापडेना.

आमच्या मोठ्याईचं उलटं. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी एस्टीतून उतरलेल्या परक्या पोराकडे पाहून म्हणते, ‘हा पंढरीचा नातू व्हय. कपाळ पाह्य त्याचं.’ पोराला तिनं जन्मात पाहिलेलं नसतं. लंडनच्या पोलिसांनी गर्दीतले चेहरे हेरायला अशी माणसं मुद्दाम निवडून ठेवलीत. मोठ्याईला तिकडे नेलं असतं, तर चोराच्या आज्यापर्यंत पोचली असती.

दुसऱ्या टोकाला चेहरा न ओळखण्याचा विकार. त्याला नाव दिलं योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरानं, १९४७ साली. डोक्याला गोळी लागलेल्या त्याच्या एका रुग्णाला आरशातला स्वतःचा चेहराही ओळखू येईना. ऑलिव्हर सॅक्स हे तर स्वतः मेंदूचे डॉक्टर. ते कैकदा एका दाढीवाल्याला धडकता धडकता राहिले म्हणून माफी मागायला गेले, तर समोर आरसा! हे वाचून मला फार धीर आला.

आमचा गायकी सांजेला गावात शिरतो तेव्हा समोर नुसत्या पांढऱ्या गवळाऊ गाई. मला सगळ्या सारख्या. ‘तोंडावरून समजते जी,’ तो म्हणतो. मी त्याला सांगितलं, केंब्रिजजवळ शास्त्रज्ञांनी तपासलं, मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवते. २००१ साली छापून आलं. त्यानं बिडी विझवली. ‘मंग? मेंढराले समजते. तुमचंच काहीतरी हाय.’

परवा पुन्हा दाढीला बसलो. फेस लावून झाला, वस्तरा गळ्याशी आला, आणि आरशातून प्रश्न आला, ‘वळखलं का, भाऊ?’

मान हलवायचीही सोय नव्हती.