वहीत दोन, बोटीवर एक

माझ्या डायव्हिंगच्या वहीत ऑगस्ट 2024 मधल्या एका शनिवारची नोंद अशी आहे: ‘ब्लूफिन ट्यूना दोन, बोटीवर एक.’ कायद्याच्या दृष्टीने मी त्या दिवशी एकच मासा मारला, कारण हौशी मासेमारांना घातलेली रोजची दोन ब्लूफिनची मर्यादा प्रत्यक्ष हाती लागलेल्या माशांची असते. दुसरा, म्हणजे खरे तर पहिला, मासा माझा भाला लागल्यावर मांस फाटून सुटला आणि खाली निळ्या पाण्यात दिसेनासा झाला. तो मोजायचा की नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

मी मूळचा मालवणचा. माझे मामा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जात आणि रापण ओढायला दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माशांचा वाटा मिळतो, हे मी शाळेत भागाकार शिकण्यापूर्वी शिकलो. आमच्याकडे ट्यूनाला कुपा म्हणतात, आणि सुरमई-पापलेटाच्या तुलनेत कुप्याला माझ्या लहानपणी बाजारात फारसा मान नव्हता. नोकरीनिमित्त सॅन दिएगोला आल्यावर त्याच कुळातल्या एका वेगळ्या जातीच्या माशासाठी लोक किती वेडे होतात ते पाहिले. जानेवारी 2019 मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात नववर्षाच्या पहिल्या लिलावात 278 किलोचा एक ब्लूफिन 33 कोटी 36 लाख येनला गेला. ती किंमत माशापेक्षा जाहिरातीची अधिक होती हे खरे, तरी फोनवर हा आकडा ऐकून मामांनी मला तो दोनदा सांगायला लावला.

भाल्याने मासे मारण्याचा छंद मला इथल्या सहकाऱ्यांमुळे लागला. पाठीवर हवेची टाकी न घेता, एका श्वासावर बुडी मारून, रबराच्या ताणावर चालणाऱ्या स्पीअरगनने मासा टिपायचा, असा हा प्रकार आहे. मोठ्या ट्यूनासाठी तयार व्हायला मला दोन वर्षे लागली आणि त्यातला बराचसा काळ मासे मारण्याऐवजी न मरण्याचे शिक्षण घेण्यात गेला. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतल्याने शरीरात प्राणवायू फारसा वाढत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते. वर येताना पाण्याचा दाब घटतो, फुप्फुसांतल्या प्राणवायूचा दाबही त्याबरोबर पडतो, आणि माणूस पृष्ठभागापासून शेवटच्या काही मीटरांवर कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो. म्हणून जोडीतला एक जण खाली असताना दुसऱ्याने वर राहून त्याच्यावर नजर ठेवायची, हा नियम आहे. समोरून पन्नास किलोचा मासा जात असताना हा नियम पाळणे किती अवघड आहे, ते मात्र वर्गात कळत नाही.

परवाना काढायला मला दहा मिनिटे लागली. हौशी मासेमारीचा कॅलिफोर्निया राज्याचा परवाना आणि पॉइंट अर्ग्वेलो या भूशिराच्या दक्षिणेकडील समुद्रासाठी लागणारी सागरी संवर्धनाची जादा नोंद, दोन्ही घरबसल्या पैसे भरून मिळतात. याच राज्यात बंदुकीने हरीण मारायचे असेल तर शिकारीचे शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला दाखवावा लागतो. पाण्याखाली चार-पाच रबरांची स्पीअरगन चालवणाऱ्याला मात्र त्याचा नेम कसा आहे, हे कोणीही विचारत नाही. त्या वेळी मला यात सोय वाटली होती.

बोटीवर जागा घेण्यापूर्वी मी बरेच दिवस घुटमळलो, कारण पॅसिफिक ब्लूफिनची कहाणी मला ठाऊक होती. हा मासा तैवान आणि जपानच्या दक्षिणेकडील बेटांच्या भोवती आणि जपानच्या समुद्रात जन्मतो; त्यातली काही पिले अख्खा प्रशांत महासागर ओलांडून कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावर येतात, काही वर्षे इथे खाऊन-पिऊन वाढतात आणि अंडी घालायला परत पश्चिमेकडे जातात. अनेक दशके या जातीची पकड मुख्यतः अशाच कोवळ्या, एकदाही अंडी न घातलेल्या माशांची होती. मासेमारी झालीच नसती तर जेवढा प्रजननक्षम साठा असता, त्याच्या केवळ 2.6 टक्के साठा 2014 मध्ये उरला होता, असे 2016 च्या शास्त्रीय मूल्यांकनात निघाले. त्याआधीच धोक्याची घंटा वाजलेली असल्याने पश्चिम प्रशांतातील देशांनी 30 किलोपेक्षा लहान माशांची पकड 2002 ते 2004 च्या सरासरीच्या निम्म्यावर आणण्याचे ठरवले होते, आणि अमेरिकेने 2015 मध्ये हौशी मासेमारांची रोजची मर्यादा दहा माशांवरून दोनवर आणली. 2024 च्या मूल्यांकनानुसार उरलेल्या प्रजननक्षम साठ्याचे प्रमाण 2022 मध्ये सुमारे 23 टक्क्यांवर पोहोचले होते; 2034 पर्यंत गाठायचे 20 टक्क्यांचे लक्ष्य 2021 मध्येच पार झाले होते. हा आकडा वाचून मी जागा पक्की केली. त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असाही आहे की मासेमारी नसती तर समुद्रात ब्लूफिनचा जेवढा साठा असता, त्याचा चौथा हिस्साही उरलेला नाही. पण मला जायचे होते, आणि जायचे असले की माणूस 2.6 आणि 23 यांची तुलना करतो, 23 आणि 100 यांची नाही.

माझ्या बाजूने आणखी एक युक्तिवाद होता, जो मी मित्रमंडळींत अनेकदा ऐकवला होता. जाळे काय पकडेल ते सांगता येत नाही. शेकडो गळांच्या लांब दोरीला कासवे आणि शार्क लागतात. गळाला लागलेला लहान मासा सोडला तरी तो जगेलच असे नाही. भालेकऱ्याला मात्र मासा आधी दिसतो, त्याची जात आणि आकार कळतो, आणि मगच तो चाप ओढतो. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर जायंट सी बास नावाचा एक प्रचंड, संथ, एकाच ठिकाणी राहणारा आणि माणसाला न घाबरणारा मासा आहे. व्यापारी मासेमारीने त्याची संख्या आधीच घटवली होती; उरलेल्यांना गळ आणि भाला घेतलेल्या हौशी लोकांनी निवडून, बघून, ओळखून मारले, आणि 1982 पासून त्याला मारण्यावर बंदी घालावी लागली. निवड करता येते म्हणून निवड चांगलीच होते असे नाही, हे तिथे सिद्ध झालेले आहे. माझ्या युक्तिवादात या माशाला मी कधी जागा दिली नव्हती.

शुक्रवारी रात्री आम्ही सहा जण पॉइंट लोमाहून निघालो आणि पहाटे सॅन क्लेमेंटे बेटाच्या पलीकडे पोहोचलो. ब्लूफिनची शिकार वाट बघत बसण्याची नसते. पक्ष्यांचे थवे आणि पाण्यावर उसळलेला फेस दिसला की कप्तान बोट माशांच्या वाटेच्या पुढे नेतो, दोघे जण आवाज न करता पाण्यात सरकतात, आणि मासे आले तर आले. स्पीअरगन बोटीवर कधीही ताणायची नाही. ती पाण्यात उतरल्यावरच ताणायची. भाल्याच्या टोकाला सुटे पाते असते, ते माशाच्या आरपार जाऊन आडवे होते; भाला बंदुकीपासून वेगळा होऊन मागची दोरी आणि तिला बांधलेले फ्लोट, म्हणजे तरंगते फुगे, ओढत नेतो. मासा फ्लोटशी झुंजतो, माणसाशी नाही. तसे नसते तर माणूसच खाली गेला असता.

चौथ्या उडीला ते आले. आधी काहीच नव्हते आणि मग सगळीकडे तेच होते. पाठीवर गडद निळे, पोटाला चांदीसारखे, शेपटीजवळची लहान पिवळी परे थरथरत असलेले. पाण्याखाली वस्तू असते त्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांश मोठी आणि सुमारे पाव अंतराने जवळ भासते, हे मी शिकलो होतो, आणि नुसत्या निळाईत तुलनेला दुसरे काही नसल्यामुळे अंदाज आणखी चुकतो हेही ऐकले होते. तरी मी चाप ओढला. मासा माझ्या बंदुकीच्या पल्ल्याच्या थोडा बाहेर होता आणि वळत होता. भाला डोक्यामागे लागण्याऐवजी खाली, पोटाच्या मऊ भागात लागला. दोरी सणसणत गेली, दोन्ही फ्लोट पाण्याखाली ओढले गेले, आणि तीन-चार मिनिटांनी सगळे एकदम सैल पडले. वर ओढलेल्या भाल्याच्या पात्यावर तळहाताएवढे गुलाबी मांस होते.

बोटीवर सगळ्यांनी मला धीर दिला. असे होतेच, शार्कला खाऊ मिळाला, समुद्रात काही वाया जात नाही, असे ते म्हणाले. सुटलेला मासा ही आमच्या मंडळींत गप्पांची गोष्ट आहे, आणि दर वेळी सांगताना त्याचे वजन पाच-दहा किलोंनी वाढते. मलाही ते ऐकून बरे वाटले, हे मी लपवत नाही.

दुपारी पुन्हा उडी मिळाली. या वेळी दोन मासे मी जाऊ दिले, धैर्याने नव्हे तर भीतीने. तिसरा चार मीटरवर आडवा आला तेव्हा नेम कल्ल्याच्या मागे, वरच्या अंगाला धरला. पाते पलीकडे निघालेले मला दिसले. त्यानंतरची चाळीस मिनिटे दोरी हात-हात वर ओढण्यात गेली; शेवटी जोडीदाराने दुसरा भाला मारला आणि मी सुरी मेंदूत खुपसून त्याला संपवले. बोटीवर घेताच रक्त काढले, आतडी साफ केली आणि मासा बर्फाच्या पाण्यात टाकला, कारण झुंजलेल्या ट्यूनाचे मांस थंड करायला उशीर झाला तर ते नासते. माझे हात पाण्याने गारठले होते आणि माशाच्या पोटात हात घातला तेव्हा आत ऊब होती. स्नायूंची उष्णता कल्ल्यांतून निघून जाऊ नये अशी रक्तवाहिन्यांची रचना ब्लूफिनमध्ये असते, हे मी वाचले होते. तरीही मासा कोमट लागावा, याची माझ्या हातांना कल्पना नव्हती.

सूर्य मावळायला दोन तास होते आणि कायद्याने मला आणखी एक मासा मारता आला असता. मी बंदुकीची रबरे काढून ठेवली. जोडीदाराने कारण विचारले तेव्हा ‘माझे दोन झाले’ असे उत्तर दिले. त्याला ते आधी कळले नाही आणि कळल्यावर पटले नाही. त्याचे म्हणणे असे की मर्यादा ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांना असे मासे सुटून मरतात हे माहीत असणारच, आणि त्यांचा हिशोब मी पुन्हा करणे म्हणजे उगाच सोवळेपणा. मी त्याच्याशी वाद घातला नाही. माझा मुद्दा साठ्याचा नव्हताच. मासा निवडून मारतो असे मी अभिमानाने सांगत असेन, तर त्या सकाळचा मासाही मीच निवडला होता.

सहा जणांत मिळून आम्ही तीन मासे आणले, आणि जाऊन-येऊन जाळलेले डिझेल त्यांवर वाटले तर हिशोब फारसा शोभेचा होत नाही. माझा मासा धक्क्यावर 54 किलो भरला. पॉइंट कन्सेप्शनच्या दक्षिणेला बोटीवर ट्यूना कापायचा असेल तर तो ठरल्याप्रमाणेच कापावा लागतो: पाठ-पोटाचे चार लांब तुकडे, छातीची परे लागलेली मानेची कॉलर अखंड, आणि पोटाचा परांसकटचा भाग, असे सहा तुकडे एका माशाचे एका पिशवीत. जात ओळखता यावी आणि मासे मोजता यावेत म्हणून हा नियम आहे, आणि मला तो अतिशय आवडतो. हौशी परवान्यावर मारलेला मासा विकता येत नाही; म्हणून मी तो वाटला. शेजारच्या घरात एक गरोदर बाई आहेत, त्यांना मात्र दिला नाही, कारण मोठ्या ट्यूनात पारा साठतो. उरलेल्याचे तिरफळे घालून कालवण केले. सुशी खाणाऱ्या मित्रांनी त्याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाही.

मामांना व्हिडिओ कॉलवर मासा दाखवला. वजन, किंमत, भाला हे सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, “आणि सुटलो तो? तो जगलो काय रे?” त्यांच्या रापणीतून कितीतरी मासे सुटले असतील, पण किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध भांडण्यात ज्यांची उतारवयाची वर्षे गेली, त्यांना परत गेलेल्या माशाची चौकशी करावीशी वाटणे स्वाभाविक होते. मी म्हणालो, बहुतेक नाही. ते म्हणाले, “मगे दोन मारलस.” वहीतली ती नोंद मी त्यानंतर केली.

डिसेंबर 2024 मध्ये पश्चिम प्रशांतातील मोठ्या ब्लूफिनचा व्यापारी कोटा पन्नास टक्क्यांनी आणि लहानांचा दहा टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले. साठा सावरला की पकड वाढवायची यासाठीच तो सावरू द्यायचा असतो, हे मला समजते; पण 2.6 टक्क्यांपर्यंत मासे खाली नेणारे आणि आता समाधानाने वाटणी करणारे देश बहुतांशी तेच आहेत, हेही दिसते. त्या टनांपुढे माझा एक मासा काहीच नाही. हे वाक्य मी मनात म्हणतो तेव्हा मला जरा अस्वस्थ वाटते, कारण जायंट सी बास मारणारा प्रत्येक जण त्याच्या काळात हेच म्हणाला असणार.

पुढच्या हंगामासाठी मी बोटीवरच्या सोबत्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला: भाला लागून सुटलेला मासा रोजच्या दोनांत धरायचा, आणि स्थिर लक्ष्यावर चार मीटरवरून दहापैकी नऊ नेम साधल्याशिवाय ट्यूनासाठी पाण्यात उतरायचे नाही. तिघांना दोन्ही पटले. एकाला नेमाची अट मान्य आहे, मोजणीची नाही. पाचवा म्हणतो की अशी मोजणी सुरू झाली तर लोक सुटलेला मासा लपवू लागतील, आणि आज निदान मोकळेपणाने सांगतात तरी. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. बोट सहाच जणांची असल्यामुळे आणि भाडे सहांत विभागले जात असल्यामुळे त्या दोघांना वगळून जाणे परवडत नाही, म्हणून ऑगस्टची तारीख अजून ठरायची आहे.