डिफेन्सिव्ह बॅकनं नेमकं कुठं बघायचं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या गड्याला, कुठं वळायचंय हे आधीच ठाऊक असतं, त्याला अडवणाऱ्या डिफेन्सिव्ह बॅकला नसतं. त्यात याला सुरुवात करायची ती उलट पावली पळत. हा तोटा भरून काढायला हाताशी दोनच गोष्टी असतात, पाय आणि डोळे. सोलापुरातली पोरं पायांवर भरपूर मेहनत घेतात, नजरेवर जवळजवळ नाहीच. माझ्या मते मोठा पास खाल्ला जातो तो नजरेमुळं.

तरी आधी पायांचं बोलू. रिसीव्हरपासून 5 ते 7 यार्ड, म्हणजे 15 ते 21 फूट मागं उभं राहायचं. पावलं खांद्याइतक्या अंतरावर किंवा थोडी आत, एक पाऊल किंचित पुढं, गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत. बॉल निघाला, म्हणजे खेळ सुरू झाला, की पुढच्या पायानं जमीन ढकलून मागं सरकायचं. इथंच पहिली गडबड होते. बहुतेक जण पुढचा पाय आधी उचलून पुन्हा खाली टेकवतात आणि मग मागं निघतात. ते एक पाऊल फुकट जातं. दुसरी गडबड म्हणजे छाती वर येणं. छाती उठली की वजन टाचेवर जातं, आणि टाचेवर असलेल्या गड्याला थांबायला दोन-तीन जास्तीची पावलं लागतात. रिसीव्हर तेवढ्यात वळून बॉल घेऊन मोकळा होतो. बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा: 10 यार्ड मागं जाताना डोकं एकाच उंचीवर राहिलं पाहिजे.

पुढं झेपावताना मागचा पाय शरीराच्या रेषेबाहेर, पंजा बाहेर वळवून रोवायचा आणि त्याच पायानं 45 अंशांत पुढं सुटायचं. थांबण्यासाठी छोटी छोटी पावलं टाकणं बंद झालं की निम्मं काम झालं.

आता नजर. मॅन कव्हरेजमध्ये (एकानं एकाच रिसीव्हरला धरून राहायचं) रिसीव्हरच्या कमरेकडं बघायचं. डोकं फसवतं, खांदे फसवतात, हात तर फसवण्यासाठीच हलतात. पण कंबर जिकडं, माणूस तिकडं. कबड्डी खेळलेल्या पोरांना हे लवकर जमतं, कारण रेडरच्या हाताला भुलायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

क्वार्टरबॅककडं, म्हणजे पास फेकणाऱ्याकडं, डोकावण्याचा मोह मात्र भल्याभल्यांना आवरत नाही. त्याची किंमत हिशोबानं बघा. 40 यार्ड 5 सेकंदांत पळणारा रिसीव्हर सेकंदाला 8 यार्ड कापतो. पाव सेकंद नजर हलली तर तो 2 यार्ड पुढं गेला, आणि 2 यार्ड म्हणजे सरळ मोकळा रिसीव्हर.

एक सूट आहे. अंतर ठेवून खेळताना क्वार्टरबॅकची पहिली तीन पावलं बघायला हरकत नाही. तीन पावलांवर थांबून त्यानं हात उचलला तर बॉल 5-6 यार्डांवर येणार: हिच (थोडं पळून मागं वळणं), स्लँट (तिरकं आत पळणं) नाही तर छोटा आउट (बाहेर वळणं). मागं जाणं थांबवून पुढं तुटून पडायचं. तो आणखी मागं गेला तर रूट, म्हणजे रिसीव्हरचा ठरलेला मार्ग, लांबचा आहे. लगेच नजर कमरेवर आणायची आणि क्वार्टरबॅकला विसरायचं. शॉटगन नावाच्या मांडणीत क्वार्टरबॅक आधीच मागं उभा असतो, तिथं हाच निर्णय एका पावलात घ्यावा लागतो. झोनमध्ये (गड्याऐवजी मैदानाचा भाग राखायचा) उलट, तिथं नजर क्वार्टरबॅकवर असते. पण कव्हर 3 मध्ये, जिथं मागचं मैदान तिघांत वाटलेलं असतं, त्यातला एक खोल भाग तुमचा असेल, तर तुमच्या मागं कुणी जाता कामा नये, मग पुढं काहीही घडो.

रिसीव्हर 3 यार्डांच्या आत आला की उलट पावली पळणं सोडायचं, कंबर फिरवायची आणि त्याच्या बरोबरीनं धावायचं. लांबचा पास आल्यावर स्वतःला एकच प्रश्न: मी त्याच्या कमरेला लागून, हाताच्या अंतरावर आहे का? असलो, तर डोकं वळवून बॉल शोधायचा आणि उंचीवर घ्यायचा. मागं पडलो असलो, तर अजिबात वळायचं नाही, वळलं की आपण आणखी एक ढांग मागं पडतो. अशा वेळी त्याच्या हातांकडं बघायचं. हात वर गेले आणि बॉल पोचला, की दोन हातांच्या मधून आपला हात ओढून काढायचा. बॉल येण्याआधी त्याला धडक दिली तर पास इंटरफिअरन्स, म्हणजे झेल घेण्यात अडथळा आणल्याचा फाऊल. एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) चूक घडली त्याच जागेवरून बॉल मिळतो, म्हणजे एका घाईत 40 यार्डसुद्धा जाऊ शकतात. कॉलेज फुटबॉलमध्ये ही शिक्षा 15 यार्डांपुढं जात नाही.

रिसीव्हरच्या आत उभं राहायचं की बाहेर, हे मैदान सांगतं. मैदानाची रुंदी 160 फूट. रिसीव्हर साइडलाइनजवळ असेल तर आतून उभं राहा, बाहेर त्याला जागाच नाही. साइडलाइन हा आपला बारावा गडी. मध्ये सेफ्टी (सगळ्यात मागं राखणारा गडी) मदतीला असेल तर मात्र बाहेरून उभं राहून त्याला आत ढकला.

अंगाला भिडून खेळण्याबद्दल थोडक्यात. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा डिफेन्सिव्ह बॅक मेल ब्लाउंट रिसीव्हरला इतका दाबून ठेवायचा, की 1978 मध्ये एनएफएलनं 5 यार्डांपुढं धरपकड बंद केली. तो नियम आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. कमरेचा फ्लॅग (पट्टी) ओढून गडी अडवायच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये, जो 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पाच-पाच गड्यांचा होणार आहे, धडकेला मुळीच जागा नाही. तिथं तीन फुटांवर पावलं छोटी करा, कंबर खाली घ्या, नजर त्याच्या कमरेच्या फ्लॅगवर ठेवा. कबड्डीची घोट्याकडं झेपावण्याची सवय इथं घात करते: फ्लॅग कमरेला असतो, आणि पडलेला गडी दुसरा प्रयत्न करू शकत नाही.

आपल्या भागातल्या काळ्या मातीची काळजी घ्या. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि उलट पळताना त्या दिसत नाहीत. सरावाआधी सगळी पट्टी चालून बघा, भेगा माती घालून दाबा. टणक जमिनीला लांब स्टडपेक्षा बारीक, पुष्कळ खुंट्यांचे टर्फ शूज बरे. पावसाळ्यात तीच माती तळाला चिकटते, दर काही धावांनी खरवडा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी 8 च्या आत आटपा.

शेवटी एक गोष्ट, जी सरावात कुणी घोटून घेत नाही. चौथा डाउन, म्हणजे समोरच्या संघाचा शेवटचा प्रयत्न आहे, तो संघ तुमच्या 40 यार्डांच्या रेषेवर आहे आणि त्यानं लांब बॉल फेकला. तुम्ही तो तुमच्या 5 यार्डांवर पकडून तिथंच पडलात, तर तुमच्या संघाला 5 वरून सुरुवात. हातानं खाली पाडलात, तर त्यांचा प्रयत्न वाया जाऊन तुम्हाला 40 वरून. पाडा.