आमची वाटचाल : "कापून हातात किती पडणार?"

वडिलांनी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या लेथवर काम सुरू केलं, आधी ऑइल इंजिनचे स्पेअर, मग फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग, जागा पुरेना म्हणून पुढं शिरोली एमआयडीसीत शेड, कर्ज काढून सीएनसी, मग व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, असा आमचा प्रवास. मशिनचं सगळं कंपनी प्रोफाइलमध्ये फोटोसकट आहे, ते परत लिहीत नाही. इथं लिहायचंय माणसांबद्दल. आम्ही मालक लोक छाती फुगवून सांगतो ना की कामगारांना हे देतो ते देतो, त्याबद्दल त्यांना स्वतःला काय वाटतं ते.

वडिलांच्या काळात सात-आठ माणसं, सगळी ओळखीतली. फंड नाही काय नाही. कुणाचं अडलं तर वडील खिशातून द्यायचे, वहीत लिहायचे आणि दिवाळीला त्यातलं निम्मं सोडून द्यायचे. माणसं दहा झाली तसं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आलं, वीस झाली तसा पीएफ आला, आणि त्याच महिन्यापासून "कापून हातात किती पडणार?" हा प्रश्न आला तो आजपर्यंत गेलेला नाही. नवीन ऑपरेटर इंटरव्ह्यूला आला की कंपनी काय बनवते हे नंतर विचारतो, हे आधी.

त्याचंही बरोबर आहे बघा. समजा पगार 18,000 ठरला. आम्ही पीएफ 15,000 च्या मर्यादेवर भरतो, म्हणजे 1,800 गेले. ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे 135, प्रोफेशन टॅक्स 200. हातात 15,865. आता माझ्या बाजूनं बघा, पीएफचे माझे 1,800, वर विमा आणि अ‍ॅडमिन चार्ज मिळून 150, ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे 585. म्हणजे मी खर्च करतो साडेवीस हजार आणि त्याच्या घरी पोचतात सोळा हजाराच्या आत. मधल्या पैशाबद्दल मला वाटतं मी त्याला दिले, त्याला वाटतं कुणीतरी खाल्ले.

खाल्ले हा शब्द मी उगाच नाही वापरत. सगळ्यांकडं स्मार्टफोन आले, पीएफचं पासबुक मोबाइलवर दिसायला लागलं आणि एक दिवस तीन-चार पोरं केबिनमध्ये आली, चेहरे पडलेले. म्हणे आमचे 1,800 दिसतात, तुमचे फक्त 550 दिसतात, बाकीचे कुठं गेले? मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, म्हणजे 15,000 वर 1,250, पेन्शनच्या खात्यात जातात आणि पासबुकात वेगळ्या रकान्यात दिसतात, हे मी कागदावर मांडून दाखवलं. पटलं. मग दुसरा प्रश्न, पेन्शन किती मिळणार? सूत्र साधं आहे, पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. म्हणजे आजच्या मर्यादेनं 20 वर्षं केली, त्यावर वाढीव दोन वर्षं धरली तरी महिन्याला चार हजार सातशेच्या आसपास, तेही 58 व्या वर्षानंतर. एकजण म्हणाला, "मालक, एवढं तर आमच्या दोन म्हशींचं दहा दिवसाचं बिल येतंय." यावर काय बोलणार, हसलो सगळे.

आमच्या सीएनी सुचवलं की रीतसर फॉर्म वाटा, कामगारांचं मत घ्या. छापून घेतला, सोयींना मार्क द्या वगैरे. सगळ्यांनी सगळ्यापुढं "चांगले" वर टिक केलं, दोन फॉर्मवर तर अक्षरसुद्धा सारखं. मालक पगार देणार, मालकच फॉर्म गोळा करणार, मग दुसरं काय लिहितील! खरं कळतं ते सोडून जाणाऱ्या माणसाकडून, हिशेब पूर्ण झाल्यावर, चेक खिशात गेल्यावर. त्यामुळं आता कोण जात असेल तर मी स्वतः त्याच्याबरोबर चहा घेतो आणि गप्प बसून ऐकतो.

एक चांगला सेटर (कामाप्रमाणं मशिन लावून देणारा) असाच हातात दीड हजार जास्त मिळतात म्हणून गेला, तिथं पीएफ कापत नव्हते. त्यानं सांगितलं की मेडिक्लेमचं तुम्ही मोठं काम केल्यासारखं सांगता पण पोरांना त्याचं काहीच नाही. विषय असा की ईएसआयची मर्यादा 21,000 आहे, त्याच्या वर पगार गेला की कार्ड बंद, म्हणून वरच्या पगाराच्या लोकांसाठी आम्ही तीन लाखाची ग्रुप पॉलिसी काढली, बायको आणि दोन मुलं धरून. तो म्हणाला, बायको-पोरं धडधाकट आहेत मालक, दवाखाना लागतो तो आईला नाहीतर बाला, आणि त्यांनाच तुम्ही धरलं नाही. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील धरले जातात, आणि त्यामुळं आमच्याकडं पगारवाढ नको म्हणणारे लोक आहेत, हे बाहेर सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही! आमचा एक ऑपरेटर, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ईएसआयमधून करायचं ठरलेलं, त्यानं स्पष्ट सांगितलं की मला 21,000 च्या आतच ठेवा. मग मी बसून नियम वाचला. वाढ सहामाही सुरू झाल्यावर दिली, म्हणजे एप्रिल उलटल्यावर मेपासून, तर वर्गणी कापत राहायचं आणि कार्ड निदान सप्टेंबरअखेरपर्यंत चालतं, आणि मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत, जरी ओव्हरटाइमवर वर्गणी कापली जात असली तरी. त्याला मेमध्ये वाढ दिली, पावसाळ्यात ऑपरेशन झालं. ही एवढी गोष्ट शॉपफ्लोअरवर जेवढी फिरली तेवढी आमची पॉलिसी कधी फिरली नाही.

बोनसचंही असंच. कायद्यात कमीत कमी 8.33 टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा भाग. कामगाराच्या डोक्यात त्याचा अर्थ एक पगार, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण कायद्यात हिशेब 7,000 किंवा किमान वेतन यातलं जे जास्त त्याच्यावर होतो, पूर्ण पगारावर नाही. आम्ही बरीच वर्षं कायद्याप्रमाणंच द्यायचो आणि वर मिठाईचा बॉक्स आणि भेटवस्तू. एका वर्षी कुकर, एका वर्षी बॅग. मामा म्हणायचे ते (मामा म्हणजे आमचे तेव्हाचे सगळ्यात जुने फिटर, सगळे मामाच म्हणतात), "कुकर घरात तीन झाले, डाळ कुठाय?" भेटवस्तू बंद केली, ते पैसे बोनसमध्ये घातले, रक्कम एका पगाराच्या जवळ नेली आणि वसुबारसेच्या आधी खात्यात जमा. मिठाई मात्र ठेवली, ती बंद केली असती तर भांडण झालं असतं.

रजेचं गणित शहरातल्या लोकांना कळणार नाही. आमची निम्मी पोरं करवीर, पन्हाळा तालुक्यातली, घरी थोडा ऊस, एखादं दुसरं जनावर. कायद्यानं वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा, ती आम्ही देतोच, पण ऊसाला तोड आली की टोळी विचारून येत नाही. आज संध्याकाळी निरोप, उद्या सकाळी फडात. पूर्वी अर्ज आठ दिवस आधी द्या असा नियम होता, म्हणून पोरं थेट दांडी मारायची आणि मशिन बंद. आता रात्री सुपरवायझरला फोन केला तरी रजा धरली जाते आणि पाळी आपापसात बदलता येते. याला माझा एक रुपया लागला नाही आणि आजही सगळ्यात जास्त नाव याचंच निघतं, थोडं चिडायला होतं खरं तर, पॉलिसीला लाख लाख भरतो त्याचं काय.

उचलीचं नाव त्याखालोखाल. आधी अकाउंटंटपुढं उभं राहून कारण सांगावं लागायचं, सगळ्या ऑफिससमोर, बहिणीचं लग्न आहे, पोराची फी आहे. कारण विचारणं बंद केलं, ठराविक रकमेपर्यंत चिठ्ठी दिली की मिळते, चार हप्त्यात कापली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कंपनी बंद, चिखली-आंबेवाडीकडच्या पोरांची घरं पाण्यात. तेव्हा बंद दिवसांचा अर्धा पगार आणि मागेल त्याला उचल दिली, आणि एकही उचल बुडाली नाही.

ग्रॅच्युइटीवर, म्हणजे नोकरी सुटताना मालकानं द्यायच्या एकरकमी पैशावर, मात्र कुणाचाच विश्वास नव्हता. ती पगारातून कापत नाहीत, त्यामुळं ती आहे हेच वाटत नाही, आणि पाच वर्षं होईपर्यंत हक्क नाही म्हणून तरुण पोरं त्याला धरतच नाहीत. आम्ही एलआयसीच्या ग्रुप स्कीममध्ये पैसे टाकत होतो, कुणाला पत्ता नव्हता. मामा रिटायर झाले तेव्हा हिशेब केला, बेसिक आणि डीए मिळून 20,000, त्याला 15 भागिले 26, गुणिले 24 वर्षं, 2,76,923 रुपये. चेक सगळ्यांसमोर दिला. दुसऱ्या दिवशी तीस वर्षांच्या आतली पोरं अकाउंटंटकडं जाऊन आपली जॉइनिंग तारीख तपासत होती. त्याच आठवड्यात सगळ्यांचं पीएफचं ई-नॉमिनेशन उरकून घेतलं, कारण लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही आणि निम्म्या लोकांचं तसंच पडलेलं. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफच्या विम्यातून घरच्यांना सात लाखापर्यंत मिळू शकतात हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पगारपत्रकावर दिसत नाही ना.

इन्स्पेक्शनला आता बायका आहेत. त्यांना विचारलं तर पॉलिसी, फंड यातलं काही नाही, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी बसवा आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर हायवेपर्यंत सोडायची सोय करा. कडी त्याच दिवशी बसली, गाडीला दोन महिने लागले.

या एप्रिलपासून पंचिंग मशिनजवळच्या बोर्डावर पगाराची फोड मराठीत लावली, किती कापले, मी किती भरले, कुठं गेले. चौथ्या दिवशी खाली पेनानं कुणीतरी लिहिलं होतं, "आईवडिलांच्या विम्याचं काय?" एजंटला निम्मं कंपनी निम्मं कामगार अशा हिशेबानं कोटेशन मागितलंय. साठीच्या वरच्यांचा हप्ता ऐकून मला घाम फुटलाय, पण आलं की तेही बोर्डावर लावणार, मग बघू किती जण सही करतात.