किनाऱ्यावरून गरवायला रील कोणतं घ्यावं

गळाने मासे धरायला दुकानात रील, म्हणजे लाईन (दोरी) गुंडाळायचं चक्र, मागितलं की आधी बेअरिंगचा आकडा सांगतात. त्याच्यामागे लागू नका. चार-पाच सीलबंद बेअरिंगचं रील खाऱ्या पाण्यात टिकतं, उघड्या स्वस्त बेअरिंगचं लवकर कुरकुरतं, मग ती बारा असली तरी.

आधी ठरवा, उभं कुठे राहणार आणि किती ग्रॅम फेकणार. खाडीत, कांदळवनाच्या कडेला जिताडा किंवा तांबोशी या माशांसाठी १५ ते ३० ग्रॅमचे लुअर (नकली आमिष) टाकायचे असतील तर सात फुटी रॉडवर ४००० साइजचं स्पिनिंग रील (फेकताना ज्याचं लाईनचं रीळ फिरत नाही ते) पुरतं. उघड्या खडकावरून ४०-६० ग्रॅमची जिग (धातूचं जड आमिष) लांब मारायची तर नऊ-दहा फुटी रॉड आणि ५००० किंवा ६०००. मात्र एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ४००० एवढं असेलच असं नाही. म्हणून रीलचं वजन आणि स्पूलवर (लाईन गुंडाळायच्या रिळावर) छापलेली लाईनची क्षमता बघा. खाडीसाठी पीई २ जाडीची ब्रेडेड (विणलेली) लाईन २०० मीटर बसली पाहिजे, खडकासाठी ३०० मीटर.

बेटकास्टरने (फेकताना स्पूल फिरणाऱ्या रीलने) तांबोशीच्या बिळासमोर लुअर अचूक पडतो, हे खरं. पण लुअर हलका आणि वारा समोरून असला की लाईन बाहेर जाण्यापेक्षा स्पूल जोरात फिरतं आणि जागेवरच गुंता होतो. पहिलं रील स्पिनिंगच घ्या.

खरी पारख ड्रॅगची, म्हणजे मासा ओढेल तेव्हा ताणात लाईन सोडणाऱ्या ब्रेकची. डब्यावर १५ किलो, २० किलो लिहिलेलं असतं, पण ते वापरणार कुठे? ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव भाग ठेवायचा. ३० पौंडी लाईन म्हणजे साधारण साडेतेरा किलो, म्हणजे ड्रॅग सव्वातीन-साडेतीन किलो. तांबोशी लुअर घेतल्याघेतल्या खडकात शिरते, तिच्यासाठी ४० पौंडी लाईन आणि साडेचार किलोपर्यंत जा. जिताड्याला एवढं आवळू नका. तो उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा तोंड फाटून गळ निघतो. बॅग मोजायचा हुकाचा काटा लाईनला अडकवून ओढला की ड्रॅग नेमका लावता येतो.

दुकानात ड्रॅग अर्धा आवळून लाईन हाताने अगदी सावकाश ओढा. सुरुवातीला अडकून मग झटक्याने सुटली तर ते रील परत ठेवा. मासा पळायला लागतो त्या क्षणी लाईन तुटते ती याच झटक्याने. मग हँडल वर-खाली हलवून ते किती ढिलं आहे ते बघा. शेवटी लाईन रोलरवरून (लाईन जिथून वळते त्या छोट्या चाकावरून) घेऊन ताण द्या: रोलर फिरला पाहिजे. तो अडकला की ब्रेडेड लाईन त्याच्यावर घासून खराब होते, आणि खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी जाम होतो तो हाच.

खडकावर मोठा मासा ओढायचा असेल तर ॲल्युमिनियमची बॉडी घ्या. साधी ग्राफाइटची बॉडी जोर आला की किंचित वाकते, गिअरचे दाते सरळ बसत नाहीत आणि रील खरखरायला लागतं. खाडीतल्या कामाला ग्राफाइट चालतं, हलकंही पडतं.

लाईन भरताना आधी स्पूलवर तंगूसाचे (साध्या नायलॉन लाईनचे) पाच-सहा वेढे घ्या. ब्रेडेड लाईन थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली तर अख्खा गठ्ठा घसरतो आणि ड्रॅग सुटतोय असंच वाटत राहतं. ओल्या फडक्यात धरून ताणात भरा, स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबा. जास्त भरली तर फेकताना वेढे एकदम सुटून गाठी पडतात, कमी भरली तर लांब जात नाही. फेकल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कडी) हातानेच बंद करा. हँडल मारून बंद केली की ढिला वेढा आत राहतो आणि पुढच्या फेकीला गाठ होतो.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. पुसून झालं की ड्रॅग पूर्ण ढिला करा, नाहीतर वॉशर दबून राहतात. रोलरला आणि हँडलच्या मुठीला तेलाचा एकेक थेंब पुरे. रोटरखालच्या (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाखालच्या) एकाच दिशेने फिरणाऱ्या वन-वे बेअरिंगमध्ये तेल गेलं तर गळ मारताना हँडल उलटं फिरतं, तिकडे हात लावू नका.