आठव्यापासून पुढे

सोमवार, रात्री उशिरा

डोकं उगाच भणभणतंय. कारण कुणाला सांगावं तर हसतील, म्हणून इथं लिहितोय.

दुपारी विन्याचा मेसेज आला, फोटोसकट. सतरंजीवर ओळीनं मांडलेल्या सीड्या, 'इन सर्च ऑफ सनराइज' या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मिक्स अल्बमांच्या मालिकेतल्या, आठपासून साडेतेरापर्यंत. खाली लिहिलेलं, "एक ते सात तुझ्याकडं हाईत. ह्या घे आणि सेट पुरा कर. घर रिकामं करालोय."

सेट पुरा कर म्हणे! माझा सेट पुराच आहे की. निदान आज दुपारपर्यंत तरी होता.

1999 ला टिएस्टो या डच डीजेनं पहिला काढला, 2008 ला सातवा. तिसऱ्यापासून अल्बमला एकेका जागेचं नाव लागलं: पनामा, लॅटिन अमेरिका, लॉस एंजेलिस, इबिझा, आशिया. पुढं त्यानं भागीदारीत उभी केलेली ब्लॅक होल ही रेकॉर्ड कंपनी सोडली, संगीताचा बाजही बदलला. मालिका मात्र ब्लॅक होलकडंच राहिली आणि चालू राहिली. 2010 ला आठवा आला, साउथ आफ्रिका. मिक्स करणारा रिचर्ड ड्युरांड. मी तिथं थांबलो. त्या वर्षी घरी जे चाललं होतं त्यात नव्या माणसाचा कान लावून घ्यायची ताकदही नव्हती, पण तो विषय आज नको.

खरं दुखतंय ते वेगळंच. टिएस्टो मालिका सोडून गेला याचं वाईट वाटून कधीच संपलं. तो गेल्यावर, आणि मीही उठल्यावर, गाडी थांबली नाही याचा त्रास होतोय. मी नसताना मजेत चालू राहिलेल्या गोष्टी काढायला बसलो तर बऱ्याच निघतील. शनिवारचा रंकाळ्यावरचा कट्टा. पुण्यातलं ते ऑफिस. जाऊ दे.

विन्याला फोन केला. म्हटलं, पहिले सात एका माणसाचे आहेत, पुढचे नुसतं नाव लावलेले. तर म्हणाला, "वस्ताद बदलला म्हणून तालीम बंद करत्यात काय रं?" यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. तालमीत नवा वस्ताद तिथल्याच मातीत तयार झालेला असतो. हा ड्युरांड त्या मातीतला आहे का, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून जेवण झाल्यावर आठवा आणि नववा फोनवर सलग ऐकायला घेतला. सलग म्हणजे काय ते बघा. अशा अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळत जातं, कुठं संपलं ते कळू नये हीच त्यातली कारागिरी. आणि फोनवर नेमकं त्या सांध्यावर अर्ध्या सेकंदाची उचकी लागते. सगळा माहोल तिथं आपटतो. तिसरा अल्बम मी आधी मोझर बेअरच्या कोऱ्या सीडीवर कॉपी करून घेतला होता, वर स्केचपेननं 'पनामा' लिहून. त्यातही हीच उचकी होती. मूळ सीडी मिळाली आणि पहिल्यांदाच सांधा न दिसता दोन गाणी एकमेकांत गेली, तेव्हा विन्यानं मारुती रस्त्याच्या कडेला घेतली होती. सीड्या कशाला जमवतोस म्हणून विचारणाऱ्याला हे कसं सांगणार! घरी आईला हे सगळं 'तुझं ते डॉल्बी'. राजारामपुरीत गणपती येतात त्या दिवशी छातीत धडधडतं ते डॉल्बी, हे नव्हे, असं सांगून झालं. तिच्या लेखी दोन्हीनं डोकं उठतं.

तर ड्युरांड. मला तरी तो घाई करतो असं वाटलं. टिएस्टो सुरुवातीला नुसता बसवायचा तुम्हाला. बराच वेळ काही घडत नाही असं वाटायचं आणि मग लक्षात यायचं की घडून गेलं. हा लवकर वर चढतो, आणि चढल्यावर तिथंच राहतो. वाईट अजिबात नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, आज झोप लागली असती.

आणि नवव्याचं नाव काय, तर इंडिया. 2011 चा. पनामा नकाशात कुठं आहे हे मी सीडी घेतल्यावर शोधलं होतं. ते पनामा कपाटात जपून ठेवलंय आणि इंडियाला मी दाराबाहेर उभं केलं.

इथं मात्र हसू आलं. 2004 ला अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये उद्घाटनाला वाजवलेला माणूस, तो कधीच पुढच्या वाटेला लागला. मागं वळून बघितलंसुद्धा नसेल त्यानं. आणि मंगळवार पेठेत एक जण त्याच्या नावानं रुसून बसलाय, तेही इतकी वर्षं, कुणी समजूत काढायला आलेलं नसताना.

विन्याला लिहिलं, नऊ आणि साडेतेरा दे, बाकीच्या ठेव. साडेतेरा केवळ गंमत म्हणून. बारानंतर तेरा नाहीच, थेट साडेतेरा, ॲमस्टरडॅम. तेराचा आकडा त्यांनाही जड गेला की काय कोण जाणे. लगेच उत्तर आलं, "सुट्टं मिळणार नाही. सगळं उचल न्हाईतर भंगारात घालतो." घालायचा पण, त्याचा नेम नाही. त्या ट्रॉफ्यांचं काय केलं ते माहीत आहे.

उद्या संध्याकाळी जाऊन आणतो. एकाच फळीवर लावणार नाही एवढं नक्की. सातनंतर मध्ये काहीतरी उभं करावं लागेल, जाड पुस्तक किंवा तो बंद पडलेला प्लेयर.

चौदावा 2018 चा आहे. त्यात ड्युरांडही नाही; मार्कस शुल्झ, गेब्रियल अँड ड्रेस्डेन आणि अँडी मूर यांनी तो वाटून घेतलाय. तो घेणार नाही. निदान दिवाळीच्या बोनसपर्यंत तरी नाही.