तुम्ही विचारलंत म्हणून: रेंजर म्हणजे वाटाडे का?

“तू ते पोपटांचे आवाज ऐकायचं काम करतेस ना? मग त्यात आदिवासी रेंजर कशाला लागतात? रस्ता दाखवायला?” ऑस्ट्रेलियात पर्थच्या महाराष्ट्र मंडळात आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय, की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आधी माझं काम. वाळवंटातले रेंजर, म्हणजे आपल्याच जमिनीची राखण करणारे पगारी आदिवासी कर्मचारी, ध्वनिमुद्रण यंत्रं खांबाला बांधून ठेवतात, काही आठवड्यांनी मेमरी कार्डं काढून पाठवतात. सॉफ्टवेअर त्यातले संशयास्पद आवाज वेगळे काढतं आणि उरलेला निवाडा माझ्यासारख्यांनी करायचा. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं: वाऱ्याचा राखाडी धूर, रातकिड्यांच्या आडव्या रेघा, आणि मधेच कुठेतरी दोन-तीन लहानशा तुटक खुणा. बहुतेक वेळा त्या खुणाही भलत्याच कुणाच्या निघतात. एसीत, चहाचा कप हाताशी ठेवून करायचं काम आहे हे. पण ते यंत्र कुठल्या झुडपाजवळ बांधायचं हे मला ठरवता येत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

ज्या पक्ष्यामुळे हे लोकांच्या कानावर आलं, तो नाइट पॅरट. हिरवा-पिवळा, जमिनीवर वावरणारा पोपट. दिवसभर तो स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवताच्या ढिगात बोगदा करून आत बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बोलतो तो मुख्यतः सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आणि पहाटे परतताना. 1912 नंतर या पक्ष्याचा भरवशाचा पुरावा मिळेना. 1990मध्ये क्वीन्सलंडमध्ये बूलियाच्या परिसरात रस्त्याकडेला एक मेलेला सापडला, 2006मध्ये डायमन्टिना राष्ट्रीय उद्यानात काटेरी तारेच्या कुंपणाजवळ आणखी एक. जिवंत पक्ष्याचा फोटो मिळायला 2013 उजाडलं. त्यानंतरचे काही दावे मागेही घ्यावे लागले, त्यामुळे या पक्ष्याचं नाव काढलं की शास्त्रज्ञ आधी पुरावा मागतात.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. सातपुड्यातला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, 1884 नंतर कुणाला दिसला नव्हता. 1997मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळातला 1914चा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना चक्क चोरीचा आणि खोट्या लेबलाचा निघाला. त्या लेबलामुळे लोक भलत्याच ठिकाणी शोधत होते.

आता रेंजरांकडे येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटात न्गुरुर्पा लोकांचं संरक्षित क्षेत्र आहे, साधारण 30 हजार चौरस किलोमीटर. पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे जोडले तर जवळपास तेवढं होईल. तिथल्या रेंजरांनी शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन 2018 ते 2023 या काळात 31 ठिकाणी यंत्रं लावली आणि त्यातल्या 17 ठिकाणी नाइट पॅरट बोलला. 2024मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे तिथे 50पर्यंत पक्षी असू शकतात. एवढे या पक्ष्याचे दुसरीकडे कुठेच माहीत नाहीत. मी त्या अभ्यासात नव्हते, बाहेरून वाचणारी आहे. पण जे लोक मला हा प्रश्न विचारतात, त्यांना मी हेच उदाहरण देते.

कारण 17 हा आकडा नशिबाने आलेला नाही. स्पिनिफेक्स त्या वाळवंटात सगळीकडे आहे. या पोपटाला मात्र जुना, दाट, वर्षानुवर्षं न जळलेला ढीग लागतो. न्गुरुर्पा लोक ज्याला लानु लानु म्हणतात ते जाड, टोचऱ्या जातीचं स्पिनिफेक्स त्याला विशेष पसंत. जवळपास बिया मिळायला हव्यात, उडत जाण्याच्या टप्प्यात पाणीही हवं. उपग्रहाच्या चित्रावरून कुठे कधी आग लागली एवढं समजतं. पण त्या हिरव्या ठिपक्यात खरंच लानु लानु आहे की दुसरंच काही, पावसानंतर पाणी कुठे किती दिवस टिकतं, गाडी कुठवर जाते आणि कुठल्या जागी आपण पाऊल टाकायचं नाही, हे तिथल्याच माणसाला ठाऊक. हा पक्षी काहीशे मीटरपलीकडे नीट ऐकू येत नाही. यंत्र चुकीच्या ढिगाशी बांधलं, तर महिनाभराचं रेकॉर्डिंग म्हणजे नुसता वारा.

मग लोक म्हणतात, “म्हणजे पूर्वजांचं गूढ ज्ञान.” इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. गूढ काही नाही. वाळूवरची पावलं वाचणं ही रोजच्या सरावाची विद्या आहे. मांजराचा ठसा गोल, नखं आत ओढलेली, चाल सरळ. डिंगोचा, म्हणजे इथल्या रानकुत्र्याचा, मोठा आणि नखांसकट. हे मलाही कुणी सांगितलं तर पाठ होईल; पण ठसा काल रात्रीचा आहे की परवाचा, आणि मांजर शिकारीला निघालं होतं की नुसतं चाललं होतं, हे सांगायला आयुष्य वाळूत काढावं लागतं. किविरकुरा या गावातले शिकारी असा माग काढत रानटी झालेली मांजरं मारतात आणि खातातही. 1984मध्ये वाळवंटातलं भटकं आयुष्य सोडून जे नऊ जणांचं पिंटुपी कुटुंब बाहेर आलं, ते याच परिसरात. तिथला हा सराव तुटलेलाच नाही.

मांजराचा विषय निघालाच आहे तर सांगते. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या प्राण्यांवर युरोपियनांनी आणलेल्या मांजरांनी जो घाला घातलाय, त्यात हा पोपटही आला. न्गुरुर्पाच्या अभ्यासात डिंगोची विष्ठा तपासली, तेव्हा त्यात मांजरांचे अवशेष सापडले. म्हणजे डिंगो तिथे पोपटाचा राखणदार ठरत असावा, आणि सरसकट विष घालून डिंगो मारणं उलटं पडू शकतं. मेंढपाळांना हे ऐकायला आवडत नाही. पण ठशांवरून डिंगो आणि मांजर कुठे किती फिरतात, हे ज्यांना दिसतं त्यांनी विष्ठा गोळा केली आणि प्रयोगशाळेने ती फोडून पाहिली. दोघांपैकी एकाला वगळलं असतं तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

आगीचंही तेच. लोक पायी फिरत होते तेव्हा शिकारीसाठी, वाट मोकळी करायला, छोटे छोटे तुकडे जाळायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर माणसं मिशनच्या वस्त्यांत आणि गावांत गेली आणि वाळवंट एकसंध वाळलेलं राहिलं. मग एक वीज पडली की शेकडो चौरस किलोमीटर साफ. स्पिनिफेक्समध्ये राळ असते, ते भडकतं. हीच राळ पूर्वी भाल्याची पाती चिकटवायला वापरत. आता रेंजर थंडीच्या मोसमात हेलिकॉप्टरमधून आणि पायी आधीच पट्टे जाळून ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यातली आग जुन्या ढिगांपर्यंत पोचू नये. आपल्याकडे जाळरेषा काढतात त्याच्याशी नातं आहे, फक्त आवाका फार मोठा.

आता माझं खरं उत्तर, जे फारसं कुणाला रोमांचक वाटत नाही: पगार. ऑस्ट्रेलियात 2007पासून सरकार रेंजरांना नोकरी म्हणून पैसे देतं, आणि त्याच्या दहाएक वर्षं आधीपासून आदिवासींच्या मालकीच्या जमिनी त्यांच्याच इच्छेने संरक्षित क्षेत्रं म्हणून जाहीर होऊ लागल्या. आज देशाच्या राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांपैकी निम्म्याहून अधिक भाग असा आहे. जमीन स्वतःची, नोकरी पक्की, गाडी आणि इंधन आहे, म्हणूनच बारा महिने कुणीतरी तिथे असतं. शास्त्रज्ञ तीन आठवड्यांसाठी येतो. पोपट तीन आठवड्यांचा वेळ पाळत नाही. या व्यवस्थेतही कुरकुरी आहेत. निधीच्या मुदती, इंग्रजी अर्जांचे गठ्ठे, शेकडो किलोमीटरवर गेल्यावर बिघडणारी गाडी. तरीही जिथे ही व्यवस्था आहे तिथे शोध लागतात. मुलानजवळच्या पारुकू रेंजरांना 2017मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात या पक्ष्याचा फोटो मिळाला, तो काही शास्त्रज्ञांच्या एखाद्या दौऱ्यात मिळालेला नव्हता.

दुसरी गोष्ट मालकीची. आवाजाच्या फाइली आमच्याकडे येतात, पण त्या कुणाच्या, हे आधी लेखी ठरलेलं असतं. नकाशावर नेमकी जागा दाखवायची नाही, काही ठिकाणांची नावंही लिहायची नाहीत. शोधनिबंधात लेखक म्हणून रेंजरांची नावं येतात. आपल्याकडचे किती अहवाल असे आहेत, ज्यात कोरकू किंवा भिल्ल मागकाढ्याचं नाव शेवटी आभाराच्या परिच्छेदाच्या वर सरकलंय? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे जमिनीची बाजू तिथे उभी राहिली. पगाराची बाजू मात्र अजून फायर वॉचरच्या हंगामी रोजंदारीवरच अडकली आहे. रानपिंगळ्याच्या मोजणीला मेळघाटातलीच मुलं पक्क्या नोकरीवर असती, तर काय हाती आलं असतं, हा मला परत परत पडणारा प्रश्न आहे.

आणि हो, पुढचा प्रश्नही नेहमीचाच: “सुट्टीत आम्ही आलो तर दाखवशील का तो पोपट?” नाही. तिथे जायला परवाना लागतो, जागा सांगायची मला परवानगी नाही, आणि अंधारात टॉर्च घेऊन ढीग तुडवत गेलात तर तो ढीग सोडून जाईल. मंडळात भेटा, रेकॉर्डिंग ऐकवता येईल का ते रेंजरांना विचारून ठेवते.