हिलो ते माउना लोआ: पाखरांच्या नावांतून हवाईयन भाषा

हवाईच्या बिग आयलंडवर उतरलं की हिलोत आधी कानावर पडते ती आपली साळुंकी. 1865 साली अळ्यांचा बंदोबस्त करायला तिला भारतातून इथं आणलं. हवाईयन नाव पिहा ’एकेलो, म्हणजे ‘’एकेलो’ अशा आवाजाने भरलेली. इथली बरीच नावं आवाजावरूनच पडली आहेत. ती कानाने शिकावीत.

रानात शिरण्याआधी दोन चिन्हं पक्की करा. ’ हे ’ओकिना. तिथे घसा क्षणभर बंद करून सोडायचा. हवाईयनमध्ये ते पूर्ण व्यंजन आहे. दुसरं काहाकोऽ, स्वर लांबवणारी आडवी रेघ. इथे ती अवग्रहाने दाखवली आहे. ही दोन्ही चिन्हं गाळली तर पाउ (संपलं), पा’उ (काजळी) आणि पाऽ’उऽ (घागरा) यांचा एकच गोंधळ होतो.

मग एक प्रश्न पाठ करा: हे आहा केऽलाऽ मानु? तो पक्षी कोणता? मराठी कान इथे हमखास फसतो, कारण यातलं ‘हे’ आपलं ‘हे’ नाही, ते ‘एक’ या अर्थाचं आहे. जवळचा तो केऽइआ, ऐकणाऱ्याजवळचा केऽनाऽ, दोघांपासून लांबचा केऽलाऽ. उत्तर: हे ’आपापाने केऽलाऽ.

हिलोहून 11 नंबरच्या महामार्गाने साधारण 50 किमीवर व्होल्कॅनोज नॅशनल पार्क. मुख्य प्रवेशद्वाराच्या थोडं पुढे माउना लोआ या ज्वालामुखीवर जाणारा माउना लोआ रस्ता फुटतो. त्यावर किऽपुकापुआउलुची जेमतेम 2 किमीची गोल वाट आहे. किऽपुका म्हणजे लाव्हाने चहूबाजूंनी वेढलेलं, पण वाचलेलं रान. उजाडताच पोहोचा आणि दोन तास द्या. ’ओऽहि’आ या झाडाच्या लाल फुलांखाली, लेहुआखाली, नुसतं उभं राहा: पंखांची फरफर आधी ऐकू येते, मग ’आपापाने दिसतो. किरमिजी अंग, काळे पंख, शेपटीखाली पांढरं. शेपटी उभारून जवळ येणारा छोटा तो ’एलेपाइओ. स्वतःचं नाव तो स्वतःच सांगतो. होडीसाठी कोआचं झाड तोडलं की तो खोडावर कुठे टोचतो हे जुने कारागीर बघत. टोचलं तिथे लाकूड किडकं. वाटेवर चालणारी मोठी काळसर कोंबडी मात्र हिमालयातली कालिज, तिच्यासाठी थांबू नका.

रंग जोडीने लक्षात ठेवा. विवराच्या कड्यावर घिरट्या घालणारा पांढरा कोआ’ए केआ. केआ म्हणजे पांढरा, जसा माउना केआ या डोंगराच्या नावात. ’उला म्हणजे लाल: सरदारांचा पिसांचा झगा तो ’आहु ’उला. त्यासाठी ’इ’इवी या पक्ष्याची पिसं लागत. ’ओऽमा’ओ हा शब्द हिरव्या रंगाचा, पण त्या नावाचा पक्षी करडा-तपकिरी आहे, हिरवं काही शोधत बसू नका.

’इ’इवी किऽपुकापुआउलुत भेटेल अशी आशा धरू नका. डासांतून पसरणाऱ्या पक्ष्यांच्या मलेरियाने तो खालच्या रानांतून गेला. साधारण 1500 मीटरच्या वर, थंडीमुळे रोग मागे पडतो तिथेच तो टिकून आहे. माउना लोआ रस्ता 2000 मीटरपर्यंत चढतो, पण वणव्याच्या धोक्यात बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. कोयत्यासारखी वाकडी, केशरी चोच आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज, ही त्याची खूण.

प्रत्येक रानाआधी आणि नंतर बुटांची माती ब्रशने पूर्ण काढा, मगच तळव्यांवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. माती तशीच राहिली तर फवारा आत पोहोचत नाही, आणि ’ओऽहि’आ मारणारी बुरशी याच मातीतून पुढच्या रानात जाते.